लाल टी-शर्टात अभिवादन

जयभीम मंडळी. आज सकाळी चौकात बाबासाहेबांना अभिवादन करायला गेले होते. राग अजून उतरला न्हाय, म्हणून लिहिते.

मला पूर्णा गावातल्या गोडाऊनला पॅकिंगची ड्युटी. आधी फूल वाहू आणि तशीच गाडी पकडू, म्हणून पंजाबी ड्रेसवर गोडाऊनचा लाल टी-शर्ट घालूनच गेले. बाकी सगळ्या बाया पांढऱ्या साडीत.

पुतळ्याजवळ पोचले तर कमिटीवाले भाऊ म्हणतात, "ताई, तुम्ही मागे थांबा. हार घालायला साहेब येतायत. फोटोत सगळं पांढरं पायजे."

"कधी येणार साहेब?"

"निघालेत."

"मग येऊ देत. माझी गाडी थांबत न्हाय."

त्यांच्या बाजूनं गेले, फूल वाहिलं, वंदना म्हटली. तेवढ्यात मागं ताटकळत उभी आमची शेजारीण शेवंता ओरडली, "ए बाई, मलापण येऊ दे! पांढरी साडी नेसले म्हणून काय मला सुट्टी हाय?" तिच्यामागं लाइनच लागली.

साहेब आले ते हार घेऊन त्या लाइनीच्या मागे उभे राहिले. तोंड कमिटीवाल्यांचं उतरलं.

पांढरी साडी माझ्याकडेपण हाय, धुवून ठेवलेली. पण आज खाडा करणं जमत नव्हतं. कामाच्या कपड्यात बाबांसमोर जायला मला लाज वाटली न्हाय, मग कमिटीला कशाची वाटली? तुम्हीच सांगा.