रूळ संपतात तिथलं लॉज

कोल्हापूरला रेल्वे आली ती आमच्या मामांच्या लॉजमुळे. आधी लॉज बांधलं, मग त्याची सोय म्हणून रूळ टाकले, यावर मामांची अढळ श्रद्धा. हे मामा खरं तर माझ्या मित्राचे. शाहूपुरीत, स्टेशनजवळ, त्यांच्या आजोबांनी वाफेच्या इंजिनाच्या काळात बांधलेलं आठ खोल्यांचं लॉज त्यांनी आयुष्यभर चालवलं. आल्या पाहुण्याला आधी इतिहास, मग किल्ली. "पावणं, रूळ हितंच का संपत्यात? फुडं जायाची गरजच न्हाय की, आमचं लॉज हाय!" तीन नंबरच्या खोलीत पहिल्या गाडीचा ड्रायव्हर झोपला होता म्हणे. पुढच्या वर्षीपासून मामांच्या सांगण्यात त्याच खाटेवर गार्डही झोपू लागला. मी पुरावा मागितला, तर म्हणाले, "खाट बघ की, कशी वाकलीया!"

पण इतिहासापायी कुणाची गाडी चुकली नाही. भिंतीवरचं घड्याळ आजोबांपासून वीस मिनिटं पुढे. ते बघून मामा पाहुण्याला दंडाला धरून फलाटावर नेत. नेसरीच्या एकाला त्यांनी अर्ध्या दाढीनिशी डब्यात बसवलं. उरलेली त्या बिचाऱ्याने मिरजेत उरकली.

गेल्या महिन्यात लॉज विकलं. मामांना जिना चढवेना, आणि मुलगा पुण्याला बोलावत होता. सकाळच्या गाडीला सोडायला मी गेलो, तेव्हा जागा घेणारा तरुण बिल्डर किल्ल्या न्यायला आला होता. मामांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे केला आणि सवयीने हात आखडला. "पाडायच्या आदी ऐकून तरी घ्या." मग आजोबा आले, ड्रायव्हर आला, गार्ड आला. घड्याळ ट्रंकेत बांधलेलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला मामांना थांबवावंसंच वाटलं नाही. भोंगा ऐकू आला तेव्हा गाडी सुटलेली होती.

मामा ट्रंकेवरच बसले. बिल्डर पोरगा भला. जुडगा घेऊन त्याने त्यातली तीन नंबरची किल्ली काढून दिली. "मामा, उद्याच्या गाडीनं जावा की."

मामांनी पाहुण्यांची वही उघडली, रीतसर नाव घातलं. कुठून आलात? 'इथूनच.' कुठे जाणार, यापाशी पेन थांबलं. "ह्ये उद्या लिवतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वीस मिनिटं आधीच हजर झालो. वहीतला रकाना कोराच होता. मामांना दंडाला धरून मी फलाटावर नेलं, डब्यात बसवलं, आणि गाडी हलली तरी तो दंड मला सोडवेना.