साहेबांची खुर्ची

शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर, दोन्ही माफ असावं. शाळा चौथीपर्यंतच झाली.

काल संध्याकाळी जाऊबाईंकडे टीव्हीवर ऑफिसातला जुना विनोदी सिनेमा पाहिला. घरात सगळ्यांना तो पाठ, मी पहिल्यांदाच बघत होते. साहेब नसताना शिपाई त्यांच्या खुर्चीत बसून हुकूम सोडतो, तेव्हा सगळे हसले. मी मात्र पदर सावरून उठून उभी राहिले.

"अगं, तुझा साहेब नाही तो," जाऊबाई म्हणाल्या.

मी ऑफिसात साफसफाई करते. तशीच खुर्ची रोज पुसते, पण तिला टेकत नाही. ह्यांच्या आजारपणात उचल घेतल्यापासून रविवारीही बोलावलं की जाते. उचल घेतलेल्या बाईने नाही म्हणायचं नसतं.

आज साहेबांना म्हटलं, "रविवारी जमणार नाही."

त्यांनी वही काढली, पाहिली आणि मिटली. उचल गेल्याच पगारात पूर्ण फिटली होती.