समोरच्या ऑफिसातला नंदू

कर सल्लागाराच्या धंद्यात फायली गठ्ठा बांधून माळ्यावर टाकता येतात, किस्से नाही टाकता येत. ते साठतच जातात. माझं दुखणं वेगळंच. तीस वर्षं या गल्लीत ऑफिस थाटून बसलोय आणि साठलेले सगळे किस्से समोरच्या नंदू दळवीचे! दोघं एकाच वर्षी धंद्यात पडलो. त्याच्याकडे बसायला बाक पुरत नाही. माझ्याकडे पंखा एकट्या माझ्यासाठी फिरतो.

* * *

पालीचा एक आंबा कॅनिंगवाला नंदूकडे गेला. "विक्री जरा कमी दाखवा."

"जमायचं नाही," नंदू म्हणाला.

गडी तडक गल्ली ओलांडून माझ्याकडे! मी म्हटलं, "बसा हो, करू काहीतरी."

आठ दिवसांनी फाइल परत मागायला आला. कुठे नेतोय? तर नंदूकडेच!

"अहो, तो तर नाही म्हणाला ना?"

"म्हणूनच! तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला लगेच तयार झालात. उद्या माझ्याशीपण बोलाल!"

* * *

मिरकरवाड्यातले दोन भाऊ. दोघांचे ट्रॉलर, एकमेकांशी बोलणं बंद. थोरल्याची फाइल नंदूकडे, धाकट्याची माझ्याकडे. एकदा धाकटा नंदूला विचारायला गेला, "दादाचं यंदा कसं काय चाललंय हो?"

नंदूने चहा मागवला, बांगड्याचा भाव विचारला आणि त्याला दारापर्यंत पोचवलं. बस्स!

दुसऱ्या दिवशी धाकटा माझ्याकडून फाइल घेऊन गेला. "राग नका मानू," म्हणाला. "तुम्ही गप्पा झकास मारता. पण त्या माझ्या धंद्याच्या नकोत!"

* * *

एकदा नंदू चुकला. मला इतका आनंद झाला की मी बायकोला फोन केला!

संगमेश्वरच्या एका दुकानदाराच्या रिटर्नमध्ये भलताच आकडा गेला होता. दुकानदाराला पत्ताही नव्हता. नंदू एसटीने तिकडे गेला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "चूक माझी. दंड मी भरतो."

ती गिऱ्हाइकं पुढच्याच महिन्यात त्याच्या दारात! माझं चुकलं की मी 'पोर्टल डाऊन होतं' म्हणून सांगतो. आलं कोणी माझ्याकडे? नाव नको!

* * *

यंदा आमच्या संघटनेने व्यावसायिक नीतिमत्तेवर व्याख्यान ठेवलं. वक्ता कोण? दुसरा कोण असणार! मी मुद्दाम शेवटच्या रांगेत मोबाइल काढून बसलो.

नंदू उभा राहिला. हातातला कागद बाजूला ठेवला आणि थेट माझ्याकडे बोट केलं.

"पहिल्या वर्षी एक माणूस खोट्या कागदांवर सही मागायला यांच्याकडे गेला होता. यांच्याकडे तेव्हा दुसरा एकही क्लायंट नव्हता. तरी यांनी त्याला हाकलला. तो तसाच माझ्याकडे आला."

मी मोबाइल खिशात टाकला.

"मी सही केली," नंदू म्हणाला. "तेव्हापासून रोज सकाळी ऑफिस उघडताना यांच्या दाराकडे बघतो आणि जळतो!"