अक्का सांगत होत्या आणि मी रडत होते

चहा घ्या आधी, आणि हसायचं असेल तर हसून घ्या. मी गाडी कशी घेतली ते सांगते. एवढा मोठा घोटाळा आमच्या अख्ख्या खानदानात कुणी केला नसेल, आणि तोही डोळ्यांत पाणी आणून!

आमच्या ह्यांना डायलिसिस लागतं. कोल्हापूरजवळच्या उचगावातून दवाखान्यात रिक्षानं जायचं. जाताना ठीक असतं हो, पण येताना माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा झालेला असतो, आणि रिक्षा एक खड्डा सोडत नाही. हे तोंडातून शब्द काढत नाहीत. फक्त रिक्षाची दांडी घट्ट धरून बसतात. ती मूठ बघवेना, म्हणून मी पन्नाशीत ड्रायव्हिंग क्लासला गेले आणि ठरवलं, जुनी का होईना, पण गाडी घ्यायची.

नदीकाठच्या कुरुंदवाडला एक गाडी विकायची आहे असं कळलं. एजंट नाही, दुकान नाही, घरची गाडी. ह्यांना प्रवास झेपत नाही, म्हणून एसटीनं मी एकटीच गेले.

घर कुसुमअक्कांचं. आत पाऊल टाकलं आणि समोर भिंतीवर त्यांच्या मालकांचा फोटो. त्याला चंदनाचा हार. अंगात चौकटीचा शर्ट, अगदी ह्यांच्यासारखा! गाडी राहिली बाजूला, मी त्या शर्टाकडंच बघत राहिले.

अक्का म्हणाल्या, "बसा ताई. आधी एक सांगते. गेल्या पुरात..."

कुरुंदवाड, पूर आणि हार घातलेला फोटो. आता तुम्हीच सांगा, दुसरं काय मनात येणार? मी उठले आणि अक्कांना मिठीच मारली.

"नका सांगू अक्का. मला कळलं."

"कळलं? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की!"

अक्कांनी पदर सावरला. मला वाटलं, दुःख आवरतायत.

चहा आला. अक्कांनी परत सुरुवात केली. "न्हाय ओ ताई, तुमास्नी नीट कळाय पायजे. पुराचं पाणी दारात आलं तवा..."

माझे डोळे भरले. "नका हो ती आठवण काढू! जीवाला त्रास होईल." आणि त्यांचे हात हातात घेऊन बसले. खरं सांगू? त्या अक्कांसाठी रडतच नव्हते मी. घरी रडता येत नाही ना. ह्यांच्यासमोर कसं रडायचं?

मग अंगणात गाडी बघितली. पांढरीशुभ्र, धुऊन पुसून ठेवलेली. उदबत्तीचा वास तर असा घमघमत होता की देव्हाऱ्यातच बसल्यासारखं वाटलं!

अक्का म्हणाल्या, "मिस्त्री आणून दावा की एकदा. खालनं वरनं बघू दे त्याला."

"छे! दुखवट्याच्या घरात मिस्त्री आणून बॉनेट उघडायचं? माझ्यानं नाही होणार. तुमचा शब्द पुरे आहे मला."

"आवो, मी शब्द कुठं दिलाय अजून?"

दुःखात माणूस असं तुटक बोलतं, असं मी मनाला समजावलं. कागदावर 'पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत' असं लिहिलं होतं. मी फोटोकडं पाहत सही केली. त्यांच्या दिरांनी गाडी घरपोच आणून दिली.

पहिले काही दिवस झकास! हे मागच्या सीटवर आडवे होऊन यायचे. आरशात त्यांचा शांत चेहरा दिसायचा आणि मला वाटायचं, आयुष्यात एक तरी काम धड केलं.

मग गाडीच्या अंगात आलं. डावीकडं वळवली की हॉर्न वाजायचा. ऊन असताना वायपर नाचायचे. उदबत्तीचा वास गेला आणि ओल्या गोणपाटाचा आला. एक दिवस डायलिसिसहून येताना हायवेच्या पुलाखाली जी बंद पडली ती पडलीच. मागून हॉर्नांचा गोंधळ.

एक जण ओरडला, "ओ मावशी, गाडी हाय का देव्हारा? हलवा की!"

"पावणं, ओरडताय कशापायी? धक्का मारा की जरा!" हा आवाज ह्यांचा. बघते तर काय, हे खाली उतरून गाडीला हात लावून उभे! हाताला सुईची पट्टी तशीच. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, आणि हॉर्न वाजत राहिला.

मिस्त्रीनं सीटखालचं कार्पेट उचललं. खाली वाळलेल्या गाळाची खपली.

"वैनी, ही बुडालेली गाडी हाय. वायरिंग सगळं कुजलंय. कोल्हापूरची माणसं तुमी, पुरात होती का एवढं बी इचारलं न्हाईसा?"

मी तडक गल्लीतल्या वकीलसाहेबांकडं. म्हटलं, ग्राहक मंचात खेचते!

ते म्हणाले, "घरच्या माणसानं घरची गाडी विकली. त्यांचा तो धंदा नाही. ग्राहक मंचात हे बसणं अवघड. पण त्यांनी खोटं सांगितलं असेल किंवा मुद्दाम लपवलं असेल, तर व्यवहार रद्द करून मागता येतो. बोला, लपवलं का?"

"लपवलंच की!" मी तिथूनच अक्कांना फोन लावला. स्पीकरवर. "अक्का, गाडी पुरात होती हे सांगितलं का नाहीत?"

"आगं बाई! मी तोंड उघडलं की तू मिठी मारत हुतीस. सांगू कवा?"

"मला वाटलं, तुमचे मालक पुरात..."

"आमचं मालक कुठलं पुरात जातंय! ते पुराच्या आदीच गेलं, हातरुणात. पुरात गेलती ती गाडी! मिस्त्री आण म्हटलं, तर तू फोटोकडं बगून रडाय लागलीस. मला वाटलं, ह्यांच्या वळखीची हाय काय कोण!"

वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "वहिनी, तुमच्या बाजूनं साक्षीदार एकच होता. तो फोटोत आहे."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. आधी हसले. किती महिन्यांनी हसले! मग थांबून हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या वाटणीचं तू कुरुंदवाडला जाऊन रडून आलीस व्हय?"

मी चहा टाकला. कप त्यांच्या हातात दिला आणि शपथेवर म्हटलं, "यापुढं समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय रडणार नाही."

"बरं. मग ऐक. आज डॉक्टर म्हणाले..."

"नका सांगू हो!" माझा पदर डोळ्यांना लागलासुद्धा.

"अगं, अर्धाच कप चहा घ्या म्हणाले. तू काठोकाठ भरलायस."