दहाचा कागद

महाडपासून पोलादपूरपर्यंत माझ्या धाकट्या दिरासारखा धास्तीखोर माणूस दुसरा झाला नाही. निरोप दिला तर पोचला का, डबा दिला तर पोचला का, कुणाला एसटीत बसवलं तर तो पोचला का, हे विचारल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. महाडला खताच्या गोदामात ते कारकून होते. लग्न झालं नाही. एक मुलगी बघून आल्यावर ‘आमची पसंती पोचली ना?’ असं त्यांनी तीनदा विचारलं, तेव्हा तिच्या बापाने नकार पोचवला.

नवरा गेल्यापासून पोलादपूरच्या बाजारातलं झेरॉक्स-फॅक्सचं दुकान मी चालवते. कुडपणसारख्या वरच्या गावांतली माणसं सकाळच्या गाडीने खाली येतात. गोदामात कुठलं खत शिल्लक आहे ते इथेच कळलं तर महाडची फुकट खेप वाचते. म्हणून भावजींनी गोदामाच्या कॉम्प्युटरलाच कामाला लावलं. त्यात साठवलेली यादी रोज दहाला आपोआप माझ्या फॅक्सवर यायची, कुणी हात लावायला नको; ती मी दारातल्या खिळ्याला टांगायची. लोक मोबाइलवर फोटो पाठवू लागले तरी यांचा फॅक्स सुटला नाही. “मोबाइल खिळ्याला टांगता येतो का, वहिनी?” म्हणायचे.

माझी शाळा चौथीपर्यंत, तरी फॅक्स पाठवायच्या चारही तऱ्हा त्यांनी माझ्याकडून घोकून घेतल्या. लगेच पाठवायचा, ठरल्या वेळी पाठवायचा, लाइन मोकळी झाली की पाठवायचा, नाहीतर समोरचा घेईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचा. मग त्यात माणसं बसवायचे. “वहिनी, तुम्ही लगेचवाल्या. मनात आलं की समोरच्याच्या तोंडावर. दादा लाइन मोकळी व्हायची वाट बघणारे. तुमच्या घरात ती कधी झालीच नाय!” माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी चुकून गोदामाच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या यादीला जोडली, तीही पुन्हा पुन्हावर. ओळख ना पाळख, अशी दुकानदार मंडळी बायकामुलांसह जेवायला हजर. एक जण म्हणाला, “चार वेळा बोलावलंत, नाय कसं म्हणायचं?” भात कमी पडला, मी चिडले, आणि भावजी पंगतीत आनंदाने विचारत फिरत होते, “पत्रिका पोचली ना?”

इतकं असूनही रोज दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन यायचाच. “पोचला का?” एकदा दुकानात गर्दी होती, मी ओरडले, “अहो, मशीन आपोआप पाठवतं ना? मग जीव कशाला खाता? नका करत जाऊ फोन!” दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. यादीच्या तळाशी तेवढी एक कायमची ओळ आली, ‘वहिनी, पोचला का?’ मी खाली ‘पोचला’ लिहून, सही करून कागद परत पाठवू लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. त्यांनी रजा घेतली. घरी कळवलं असेल असं गोदामाला वाटलं. ते खोलीवर एकटे पडून होते आणि माझ्याकडे तीन दिवस बरोबर दहाला कागद येत होता. तळाशी ओळ होतीच. मी म्हटलं, आहेत ठणठणीत. तीनही दिवस सही करून परत पाठवला. चौथ्या दिवशी घरमालकाने दार फोडलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा उशीर झाला होता. त्यांचा रोजचा फोन चालू असता तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

त्यांचे तेरा दिवस होईपर्यंत दुकान बंद ठेवलं होतं, मशीनची पिन काढून. उघडलं त्या सकाळी गोदामातल्या मुलीचा फोन आला. “आजी, तुमच्या नंबरावर कॉम्प्युटर सारखा पाठवतोय, तिकडे घेतला जात नाही म्हणून थांबतच नाही. कसं बंद करायचं ते फक्त काकांना माहीत होतं.”

मला माहीत होतं. तिला म्हटलं, “ठरल्या वेळेची यादी उघड. त्यात पोलादपूर दिसेल.”

“दिसलं. काढून टाकू?”

“थांब. आधी एकदा येऊ दे.”

पिन लावली. कागद आला. खतं, पोती, आणि तळाशी तीच ओळ. मी ‘पोचला’ लिहिलं, सही केली, परत पाठवला आणि तिला सांगितलं, “आता काढ.”

तो कागद खिळ्याला टांगला. काल कुडपणचा एक जण वाचून म्हणाला, “आजी, ह्यो कागद जुना हाय गो.”

म्हटलं, “हाय तर हाय. राहू दे.”