अप्पांचं नाक

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला पाण्याच्या आधी पाइपच्या तंबाखूचा डबा मिळायचा. ओढायला नव्हे, हुंगायला. अप्पा, म्हणजे माझे सासरे, झाकण काढून डबा थेट त्याच्या नाकाखाली धरत आणि विचारत, “काय येतंय?” पुण्याहून नोएडाला नोकरीसाठी आलेली पोरं बिचारी घाबरून “छान आहे” म्हणत. “छान हा वास नसतो,” अप्पा म्हणत, “नीट हुंग, नाहीतर चहा पी आणि जा.” एकानं “स्ट्राँग आहे” म्हटलं, तर “फिनेलही स्ट्राँग असतं” म्हणून त्याला गार केलं. तो पुन्हा फिरकला नाही. नियम एकच होता, खोटं बोलायचं नाही. उत्तर खरं वाटलं की ते फक्त “बरोबर” म्हणत. त्याहून जास्त कौतुक त्यांच्याकडे नव्हतं.

माझी परीक्षा कांदेपोह्यांच्या वेळीच झाली. अप्पा तेव्हा केंद्र सरकारात बऱ्याच वरच्या हुद्द्यावर होते. मी हुंगलं आणि भीतीपोटी जे सुचलं ते बोलून टाकलं. “होळी विझल्यावर सकाळी येतो तसा. मग नवी चामड्याची चप्पल. आणि खूप उकळलेला कोरा चहा.” माझी आई कपाळाला हात लावायच्या बेतात होती. अप्पा म्हणाले, “बरोबर,” आणि मुलाकडे वळून, “हिला नाक आहे. कर लग्न.” नवऱ्याला मी पसंत होते की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या तंबाखूतली काळी पानं लाकडाच्या धुरावर टांगून मुरवलेली असत. सोबत थोडं तुर्की पान, थोडं गोडसर पिवळं. पूर्वी परदेश दौऱ्यावर निघालेल्या कुणाची तरी मिनतवारी करावी तेव्हा एखादा डबा यायचा. मग बाजार खुला झाला, दक्षिण दिल्लीतल्या चकचकीत दुकानांत डबे मांडलेले दिसू लागले, आणि नेमके तेव्हाच अप्पा रिटायर झाले. “सरकारनं देशाचं भलं केलं की नाही माहीत नाही, माझं केलं,” ते म्हणत. खरं सांगते, मला तो वास आवडायचा. पहिले झुरके डोळ्यांत पाणी आणायचे, पण अर्धा पाइप झाला की त्या धुरातून मनुकांसारखं काहीतरी गोड हळूच वर यायचं, आणि अप्पा डोळे मिटून म्हणायचे, “आता आली बघ.” तेवढा वेळ ते कुणाला टोचून बोलत नसत.

बाकी वेळ बोलत, आणि सगळ्यात जास्त आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आई त्या पाइपच्या वासानं धावत आल्या होत्या, “अहो, काहीतरी जळतंय!” म्हणत. ते अप्पांनी जन्मभर माफ केलं नाही. आमटी जराशी लागली की चारचौघांत सुरू, “अरे वा, आज तुलाही धूर जमला! फक्त स्वस्तातला.” आई हसून वाढत राहायच्या. मला मात्र त्या हसण्याचाच राग यायचा. उन्हाळ्यात दिल्लीचा तापलेला वारा, लू, सुरू झाली की तंबाखू सुकते, म्हणून डब्यात सफरचंदाची फोड ठेवायचं काम आईंचंच. पहिली फोड डब्याला, मग माझ्या लेकीला.

मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट घेतला तेव्हा आईंना एकच गोष्ट आवडली, बाल्कनी. तिथे त्या सांडगे घालत, कुरडया वाळवत. माझी लेक “आजी, वो सूखावाला दे ना” म्हणत मागे लागायची. दोन उन्हाळे हे सुख टिकलं. मग आजूबाजूच्यांनी बाल्कन्या कव्हर करायला घेतल्या, आणि अप्पांनीही काचा बसवून तिथे पाइप ओढायची खोली केली. आईंचं कपड्यांचं लोखंडी कपाटही तिथेच गेलं, कारण आत जागा नव्हती. “सांडगे कुठे घालू?” आईंनी विचारलं. “बाजार खुला झालाय,” अप्पा म्हणाले, “विकत आण.”

आईंचा खोकला तिथून वाढला. त्यांचं मागणं एवढंच होतं, ओढताना एक काच सरकवा. पण हवा आली की तंबाखू भराभर जळते, चव जाते. “तुझा खोकला आणि माझा पाइप, दोघं एकाच वयाचे. राहू देत एकत्र.” डॉक्टरनं घरात धूर बंद करा म्हणून स्पष्ट सांगितलं, तर, “त्याला नाक नाही.” मी भांडले, नवरा भांडला. काच काही सरकली नाही. पुढच्या थंडीत धाप लागून आई गेल्या.

तेरावं झाल्यावर रीतीप्रमाणे आईंच्या साड्या वाटायला काढल्या. कपाट उघडलं आणि माझी नणंद मागे सरकली. “वहिनी, धुराचा वास येतोय गं सगळ्या साड्यांना. ड्रायक्लीनला देऊ, मग नेते.”

“काही धुवायचं नाही,” खुर्चीतून अप्पा कडाडले. “त्यात तिचा वास आहे.” त्यांनी आईंची रोजची इरकल ओढून घेतली आणि नाकाला लावली. मग पदर हुंगला. मग आतली घडी. मग दुसरी साडी, तिसरी. चिमूटभर तुर्की पान जास्त पडलं तरी ओळखणारं ते नाक साड्यांमधून नुसतं फिरत राहिलं.

शेवटी त्यांनी ती इरकल माझ्यापुढे धरली. “सूनबाई, तुला नाक आहे. काय येतंय?”

नणंदेनं मला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी चांगलं सांग म्हणून. मी मनापासून हुंगलं. खोबरेल तेल हवं होतं, हिंगाची बोटं हवी होती, उन्हात वाळलेल्या कुरडया हव्या होत्या. विझलेली होळी आली, चप्पल आली, कोरा चहा आला.

“तंबाखू,” मी म्हटलं.

“आणखी?”

“आणखी काही नाही, अप्पा.”

त्यांनी साडीची घडी घालायचा प्रयत्न केला, ती जमली नाही. मग तशीच मांडीवर ठेवून ते म्हणाले, “बरोबर.”