मोघेकाकांचं कार्ड आणि माझा शिक्का

आधी चहा ओता, मग सांगतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या प्रकरणानंतर माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

मला क्रिकेटपटूंची जुनी कार्डं जमवायचा नाद आहे. आमच्या राजधानीतल्या द्वारकेच्या सोसायटीत कुणालाही विचारा, मी सगळ्यांना पिडलंय. त्यातून मी राजपत्रित अधिकारी. म्हणजे रविवारी सकाळी अख्खी सोसायटी झेरॉक्स घेऊन माझ्या दारात! ओरिजिनल बघा, झेरॉक्सवर ‘ट्रू कॉपी’चा शिक्का मारा, हिरव्या शाईत सही ठोका. हात आपोआप चालतो हो.

अशाच एका रविवारी शेजारचे मोघेकाका दोन कार्डं घेऊन आले. एकाच फिरकी गोलंदाजाची, अगदी सारखी. एक लहानपणी गोळ्यांच्या पाकिटातून निघालेलं, दुसरं हल्ली छापलेलं, हॉलमध्ये लावायला मागवलेलं. आवराआवरीत दोन्ही एकत्र झाली. अस्सल कार्ड खरं तर त्यांच्या थोरल्या भावाचं. काकांनीच ते लहानपणी लंपास केलं होतं आणि त्यावरून दादा अजूनही त्यांच्याशी धड बोलत नव्हते. आज दादा फरीदाबादहून जेवायला येणार होते. काकांना ते परत करून एकदाचं भांडण मिटवायचं होतं.

"वानखेडेसाहेब, यातलं खरं कुठलं ते बघा यार. आणि दुसऱ्यावर काहीतरी खूण करा, परत मिक्स नको व्हायला."

मला काय वेळ लागतोय? भिंग काढलं. एकाचे कोपरे झिजलेले, रंग पिवळट. दुसरं कोरं करकरीत. कागद, शाई, छपाई यांवर मी असं व्याख्यान दिलं की काकांचा चहा गार झाला. मग करकरीत कार्ड उलटं केलं आणि सवयीने हाणला शिक्का! ट्रू कॉपी. खाली सही, नाव, हुद्दा, सगळं.

काका खूश. तेवढ्यात कप उचलायला आलेल्या बायकोने झिजलेलं कार्ड उलटून पाहिलं.

"अहो, याच्या मागे बारीक अक्षरात ‘रीप्रिंट’ छापलंय."

घ्या! हल्ली नवी कार्डंही मुद्दाम जुनाट करून विकतात, हे मीच लोकांना सांगत फिरतो. आणि काकांनी अस्सल कार्ड इतकी वर्षं पुस्तकात जपून ठेवलेलं, ते करकरीत राहणारच ना! मी खोडरबर घासलं, कापूस फिरवला. शाई ढिम्म हलली नाही.

दादा आले. कार्ड हातात घेतलं, डोळे भरून आले त्यांचे. मग त्यांनी ते उलटं केलं.

"म्हणजे खरं अजून तुझ्याकडेच आहे," एवढं बोलून ते चपला शोधायला लागले.

काका धावत मला बोलवायला आले. मी जाऊन शपथेवर सांगितलं, की हेच कार्ड अस्सल आहे.

दादांनी शांतपणे विचारलं, "सही तुमचीच ना? मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

मी आपली माझीच सही परत एकदा वाचून पाहिली.

शेवटी काकांनी तोडगा काढला. त्यांच्या सांगण्यावरून मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की मला जुन्या कार्डांतलं काहीएक कळत नाही. दादांनी ते वाचलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि भावाशेजारी पाटावर बसत म्हणाले,

"हे मात्र लगेच पटलं."